दिवसाचा पहिला घास

आमच्या वाड्यावर एखादं माणूस आपलं म्हणणं सोडत नसेल तर त्याला ‘ताठ’ म्हणतात. बायबद्दल हा शब्द मी इतक्यांदा वापरलाय की आता तो नुसता तोंडाशी आला तरी माझी मलाच लाज वाटते.

बाय म्हणजे आमची शेजारीण. पेडण्याच्या आतल्या अंगाला, इब्रामपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा वाडा आहे. त्यात ख्रिस्तावांची घरं जेमतेम तीन, आणि त्यातल्या एका घरात ही एकटी म्हातारी. लग्न केलं नाही, जन्मभर शिवणकाम केलं. मी डिचोलीकडून, आमोण्याहून, सून होऊन इथे आले तेव्हा माझे ब्लाऊज तिनेच उसवून अंगाला बसवून दिले होते. तिला सगळा वाडा ‘बाय’च म्हणतो, शेंबडी पोरंसुद्धा.

मी सरकारी नर्स. गेली बावीस वर्षं आमच्या उपकेंद्रात लशी टोचते, रक्तदाब बघते, गोळ्या चुकवणाऱ्यांना झापते. या शेवटच्या कामात माझा हात कुणी धरणार नाही. औषध वेळेवर घ्या म्हटलं की घ्यायचं, त्यात देवाधर्माचा काय संबंध, असं माझं सरळ मत. लोकांचे उपास, नवस, अमुक वारी हे नको नि तमुक वारी ते नको, या सगळ्याचा मला मनापासून कंटाळा येतो. माझ्या घरात सासू संकष्टी करते. तिला साखर आहे, म्हणून दर महिन्याला कॅलेंडरावर तिच्या सकाळच्या गोळीपुढे मी फुली मारून ठेवते आणि तोंडाने कुरकुर करते. सासू म्हणते, सुनेची कुरकुर म्हणजे आमच्या घरची आरती आहे.

बायचे नेम मात्र आमच्या सासूच्याही वरताण. संध्याकाळी सातला तिचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तेव्हा दारात कलेक्टर आला तरी तिने उठू नये. शुक्रवारी मटण नाही. चर्चमध्ये आजकाल कुणी डोकं झाकत नाही, ही काळी जाळीची ओढणी घेतल्याशिवाय पायरी चढत नाही. चवथीला आमच्या गणपतीवरच्या माटोळीत, फळाफुलांच्या छतात, टांगायला तोरिंजनाचं फळ आणि सुपारीचा घोस दरवर्षी तिच्या परसातून येतो, तिनेच आठवणीने पाठवलेला. पण नैवेद्य दाखवलेल्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, ती खात नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच चवथीला मी कौतुकाने ताट घेऊन गेले, तर तिने शांतपणे विचारलं, “देवाक दाखयल्ल्यो?” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “मगे नाका गो. राग धरू नाका.” मी राग धरलाच. रागाने लाल होऊन ताट घेऊन परत आले, तर सासू चुलीपुढे हसत बसलेली. नैवेद्याआधीच काढून ठेवलेल्या दहा नेवऱ्यांचा डबा तिने माझ्यापुढे सरकवला.

“ह्यो व्हर. तिचो नेम आसा तो,” ती म्हणाली.

“आई, किती ताठ आहे ती!”

“ताठ कित्याक? तोरिंजन तिनांच धाडलां मगो.”

सासूला त्यात काही खटकत नव्हतं. नेमवाल्या दोघी एकमेकींना ओळखून होत्या, आणि मधल्यामध्ये तडफडत होते ती मीच.

तीनेक वर्षांपूर्वी बायची साखर हाताबाहेर गेली आणि डॉक्टर मॅडमनी तिला इन्सुलीन सुरू केलं, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तिचे डोळे मंद झालेले, हात थरथरतो, म्हणून दोन्ही वेळा टोचायला मीच जाऊ लागले. शेजारधर्म म्हणून गेले, खोटं कशाला सांगू, थोडा रुबाब म्हणूनही गेले. सुई बघितली की ती डोळे मिटून दंड पुढे करायची आणि मनात काहीतरी पुटपुटायची. कसली सुई, किती युनिट, एकदाही विचारलं नाही.

मग शिगम्याच्या दिवसांत एका रविवारी सकाळी पाद्रींचा फोन आला. चर्च आमच्याकडून सहा-सात किलोमीटरवर. बाय तिथे मीसेत, रविवारच्या प्रार्थनेत, कोसळली होती. मी स्कूटर दामटत गेले. कुमगार घ्यायच्या रांगेत ती पडली होती. कुमगार म्हणजे पाद्री देतात ती पांढरी पातळ चकती. त्यांच्या श्रद्धेत ते साक्षात ख्रिस्ताचं शरीर. मी बोटाला सुई टोचून साखर बघितली, तर अठ्ठेचाळीस. साखरेचं पाणी पाजलं, दहा मिनिटांत डोळे उघडले. उघडल्या उघडल्या ती काय म्हणाली? “कुमगार रावलो.” कुमगार राहिला! मला तिला हलवून विचारावंसं वाटलं, की अगं, तू राहिलीस हे काय कमी आहे?

चूक कुठे होती हे तिथेच कळलं. शनिवारी संध्याकाळी इन्सुलीन, सात वाजता तेर्स, मग दोन घास पेज, आठला झोप. आणि रात्री बारानंतर तोंडात काही नाही. कुमगार घेईपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. ती लहान असताना चर्चचा नेम तसाच होता, आईने तसंच शिकवलं होतं, आणि तिने सत्तर वर्षं ते तसंच पाळलं होतं.

पाद्री तरुण, हसरे, समजूतदार माणूस. त्यांनी माझ्यासमोरच तिला सांगितलं, की तो नेम कधीच बदलला, आता फक्त एक तास, पाणी केव्हाही चालतं, आणि दुखणाइतांना तर तो एक तासही लागू नाही. मला म्हणाले, “सिस्टर, तुमी सांगा त्यांना. आमचं ऐकत नाहीत. देवाला असला हट्ट नको असतो.”

बायने सगळं ऐकून घेतलं. “फादर, तुमचें खरें. जो च्या घेवन येता तो चुकता म्हूण हांव म्हणना. पूण माझ्या मांयन माका शिकयलां, दिसाचो पयलो घास तोच जावंक जाय. तितलेंच माझें. तितलें तरी दवरूंक दियात.”

दिवसाचा पहिला घास कुमगाराचाच, एवढं तरी तिला राखायचं होतं. पाद्री वाद घालत बसले नाहीत. निदान औषध तरी घेशील ना, असं त्यांनी विचारलं. औषध म्हणजे काही घास नव्हे, असं त्यांनीच तिला पटवलं आणि तेवढं तिने कबूल केलं. “वखद तें वखद,” ती म्हणाली. मी मात्र बाहेर येऊन स्टँडवरची स्कूटर काढताना बडबडले, की या बाईपुढे पोप आला तरी हात जोडून परत जाईल.

त्याच आठवड्यात मी ती युक्ती काढली.

रिकाम्या टॉनिकची एक तपकिरी बाटली घेतली, लेबल खरवडून काढलं. घरी साखरेचा पाक उकळला. नुसता पाक दिला असता तर जिभेला लागताच तिला कळलं असतं, म्हणून त्यात किरायत्याचा काढा घातला. किरायतं म्हणजे आमच्याकडे पोटातल्या जंतांवर पोरांना पाजतात तो कडूजहर पाला. दोन चमचे काढ्याने सगळा पाक कडू झाला, आत साखर होती तेवढीच राहिली. मला माझंच कौतुक वाटलं. पुढच्या रविवारी साडेसहाला तिची साखर बघितली, बासष्ट. अर्धी वाटी ओतून पुढे केली. “डॉक्टरांनी नवं औषध दिलंय, साखर पडू नये म्हणून.”

तिने वाटी हातात घेतली आणि थांबली. “ह्यात गोड ना मगो?”

“नाही गं. पिऊन बघ, किती कडू आहे ते.”

तिने घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं, आणि छातीवर क्रूस काढून बाकीचं पिऊन टाकलं. मग मी तिला स्कूटरवर मागे बसवून मीसेला नेलं. त्या दिवशी ती कोसळली नाही, कुमगार घेऊन स्वतःच्या पायांनी बाहेर आली. येताना पाव विकणाऱ्या पोदेराकडून तिने उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले, माझ्यासाठी दोन जास्त. तिच्या सोप्यावर बसून आम्ही चहात बुडवून खाल्ले. आता रविवार सुखाचे जाणार, या आनंदात मी होते.

तसे ते गेलेही. आठ महिने. पाक संपला की मी नवा करायची. घरात किरायत्याचा वास दरवळायचा आणि सासू विचारायची, कुणाच्या पोटात जंत झाले? एक दिवस मी तिला सगळं सांगितलं. हसत सांगितलं. तीही हसेल असं वाटलं होतं. ती चतुर्थीच्या सामानातल्या सुपाऱ्या निवडत बसली होती. ती हसली नाही, सुपाऱ्या गोळा करून आत गेली.

त्यानंतरच्या संकष्टीला सकाळी बघते, तर सासूने आपला तांब्या आपणच भरून घेतलेला. उपासाचा काळा चहा दरवेळी मी करते, तो तिने स्वतः उकळला, आणि भांड्याजवळून हलली नाही.

“आई, मी काय विष घालणार आहे का?”

“विख न्हय गो. पूण तुका उपास म्हणजे पोटाचो खेळ दिसता. माझ्या चयात खंयचो डाव घालशी, काय सांगूचा?”

मला इतका संताप आला की मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. एका म्हातारीचा जीव वाचवतेय, आणि मलाच चोर ठरवतात! डॉक्टर मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी शाबासकी दिली असती, असं मी स्वतःला बजावत होते. सांगितलं मात्र नव्हतं.

दिवाळीच्या आधीचा एक रविवार. नेहमीप्रमाणे बायला पाजून चर्चला नेलं. एरवी मी बाहेर पोर्चमध्ये फोन चाळत बसते, त्या दिवशी फोनची बॅटरी संपलेली, म्हणून आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले. कुमगाराची वेळ झाली. एकेक बाक रिकामा होऊन लोक रांगेने पुढे जाऊ लागले. बायच्या बाकावरचे उठले. बाय उठली नाही. तिने गुडघे एका बाजूला वळवून इतरांना वाट करून दिली आणि तशीच बसून राहिली. शेजारच्या बाईने हलकेच तिच्या खांद्याला हात लावला, तिने मान हलवून नाही म्हटलं. साखर पडली असणार, या धास्तीने मी खिशातली ग्लुकोजची गोळी शोधत तिच्याकडे धावले.

“कांय ना गो. बस तूं,” ती कुजबुजली. तिचा चेहरा ठीक होता, घाम नव्हता. डोळे मात्र पुढे लागलेले होते, रांगेकडे.

परत येताना स्कूटरवर मी मागे वळून ओरडूनच विचारलं, काय झालं म्हणून.

“फांत्यापारा घसो सुकलो. न्हिदेंत तांब्यातलें उदक पियेलें. एक घोट.”

“एका घोटासाठी?”

“उदक तें उदक,” ती म्हणाली. “जांव. पुढल्या आयताराक.”

तक्रार नव्हती, रडगाणं नव्हतं. बस चुकली तर पुढच्या बसने जाऊ, इतक्या साधेपणाने ती म्हणाली. झोपेत घेतलेल्या एका घोटासाठी, जिची ती आठवडाभर वाट बघते ती गोष्ट तिने सोडून दिली होती. आणि त्याच सकाळी मी तिला अर्धी वाटी साखर पाजली होती. त्या सकाळी आणि त्याआधीच्या आठ महिन्यांतल्या प्रत्येक रविवारच्या सकाळी. तिचा दिवसाचा पहिला घास तिचा देव नव्हता, माझा पाक होता.

त्या आठवड्यात मी सगळ्यांवर भुंकत फिरले. उपकेंद्रात येणाऱ्या बायका माझ्याकडे बघून आवाज खाली करायच्या. मनात वाद चालू होता. साखर पडलेल्याला साखर हेच औषध, मग मी खोटं काय बोलले? पाद्रींच्या म्हणण्याप्रमाणे तर नेमच मोडला नाही. तिला कळलंच नाही तर तिचं काय बिघडलं? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्या बाजूने येत होतं आणि तरी जेवण गोड लागत नव्हतं. कारण तिने मला सरळ विचारलं होतं, गोड नाही ना, आणि मी नाही म्हटलं होतं. बाकी सगळं माझं शहाणपण झालं, पण ते एक ‘नाही’ कुठेच बसत नव्हतं.

पुढचा रविवार आला. साडेसहाला साखर छपन्न. सांगायचं ठरवून गेले होते, पण आकडा बघून जीभ उचलेना. आता सांगितलं तर ती काहीच घेणार नाही आणि रांगेत पुन्हा पडेल. मी वाटी भरली. तिने क्रूस काढला आणि प्यायली. हो, त्या रविवारीही मी पाजलं. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून मी तिला रांगेत पुढे सरकताना बघितलं. कुमगार घेऊन ती परत वळली तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते, एका हाताने बाकांच्या कडा चाचपत ती येत होती. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला तिथे बसवेना. मी बाहेर येऊन स्कूटरपाशी उभी राहिले आणि रडले. मला सहसा रडू येत नाही.

त्याच दुपारी तिच्याकडे गेले. ती सोप्यावर बसून एका जुन्या पडद्याची शिवण उसवत होती. दिसत नाही, पण बोटांना टाका कळतो. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. पाक, किरायतं, खरवडलेलं लेबल, सगळं. मधे थांबले असते तर पुढचं सांगता आलं नसतं. तिचा हात हळूहळू थांबला, कात्री मांडीवर राहिली.

मग म्हणाली, “हांवें तुका विचारिल्लें, गोड ना मगो म्हूण.”

“होय.”

“आनी तुवें ना म्हणलें.”

“होय, बाय.”

तिने मान हलवली. मी तिच्या रागाची वाट बघत होते. राग आला असता तर मलाही चार शब्द बोलता आले असते. अगं, तू मेली असतीस, असं ओरडता आलं असतं. ती बाहेर रस्त्याकडे बघत राहिली. नंतर तिने जे विचारलं ते अगदी साधेपणाने, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं.

“तुझी सासू संकष्टी करता न्हय? तिकाय साखर आसा मगो? तिका कितें घालतां?”

“काही घालत नाही. तिची गोळी बदलतो. डॉक्टर मॅडमना विचारून.”

बोलून गेले आणि मग माझं बोलणं मलाच ऐकू आलं. सासूने संकष्टी सोडावी असं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. चार वर्षांपूर्वी मी स्वतःहून मॅडमकडे गेले होते, गोळी रात्रीवर नेली होती, कॅलेंडरावर फुल्या मारत होते. कुरकुर करत का होईना, घरातला उपास हा उपास होता, त्याच्याभोवती औषध वळवायचं होतं. आणि बायचा उपास हा हट्ट होता, तो मोडून काढायचा होता. आठ महिने पाक उकळत बसले, पण शनिवारच्या संध्याकाळची सुई कमी करता येईल का, हे दोन मिनिटांचं विचारणं मला एकदाही सुचलं नव्हतं.

बायने यातलं काही म्हटलं नाही. तिने फक्त विचारलं, “मगे माझेंय विचारूंक जातलें तांकां?”

मला त्या पायरीवर मेल्याहून मेल्यासारखं झालं. “विचारते,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं. त्यांनी कागद ओढून शनिवारचे युनिट कमी केले, झोपण्याआधी वाटीभर पेज सांगितली, रविवारी सकाळी साखर अमुक एका आकड्याखाली असेल तर मात्र काही ऐकायचं नाही, असं बजावलं. “इतकं सोपं होतं, आधी का नाही विचारलंत?” असं त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बायला हे सांगायला गेले तेव्हा ती सगळं कसं ऐकेल याची मला धास्ती होती. जन्मभर आठला झोपणारी ती बाई दहापर्यंत जागायला तयार झाली. आकडा खाली असला तर काय करायचं, हेही तिनेच ठरवलं. “उणी आसल्यार साखर दी. उक्ती दी, बाटली नाका. त्या आयतारा हांव बांकार बसतलें.” साखर घेईन, उघड उघड घेईन, पण त्या दिवशी कुमगार घेणार नाही. मला, पाद्रींना, डॉक्टरांना जे जमलं नव्हतं ते तिने दोन वाक्यांत बसवून टाकलं. आम्ही कुणी तिला कधी विचारलंच नव्हतं.

त्या आठवड्यात ती कुमसाराला, पाद्रींपुढे पापं सांगायला, जायचं म्हणाली. मीच नेलं. आत वेळ लागला. परत येताना मी घाबरत म्हटलं, “बाय, त्यात तुझं काही पाप नाही. जे केलं ते मी केलं.”

“तें माका खबर आसा,” ती मागून म्हणाली. “हांवें तुझेर राग धरिल्लो. तो सांगून आयलें.”

मला तिचा राग कुठेच दिसला नव्हता. चार दिवस ती तो एकटीच घेऊन बसली होती आणि मला रोज दोन वेळा दंड पुढे करत होती.

घरी सासूला सांगितलं. “सांगलंय तिका?” तिने विचारलं. “बरां केलंय.” पुढच्या संकष्टीला चहा टाकायला ती उठली नाही. तिचं तेवढ्यावर मिटलं.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. तेवढ्या काळात तीन वेळा बायची साखर रविवारी खाली गेली. तिन्ही वेळा तिने साखरेचं पाणी मागून घेतलं, डोक्यावर ओढणी घेऊन मीसेला आली आणि सगळे पुढे जात असताना गुडघे वळवून बाकावर बसून राहिली. मी आता बाहेर थांबत नाही, आत बसते. पाद्री मधे एकदा मला म्हणाले, “अजून ताठच आहेत ना तुमची बाय?” तो शब्द माझाच होता. त्यांच्यावर चिडायचा हक्क मला उरलेला नाही.

उंडे अजून येतात, माझ्यासाठी दोन जास्त. चवथीला तोरिंजन येतं, सासू नेवऱ्यांचा डबा वेगळा काढते. बायच्या बोलण्यात त्या गोष्टीचा उल्लेख कधी आला नाही. तिने मला क्षमा केली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती ज्या नेमांत वाढली त्यांत हाही एक नेम आहे आणि तो ती इतरांसारखाच पाळते.

फक्त एक बदललं. काल रविवार होता. साडेसहाला साखर एकशे दहा निघाली. मीस झाली, कुमगार झाला, घरी येऊन मी इन्सुलीन भरलं. पूर्वी ती डोळे मिटून दंड पुढे करायची. आता करत नाही. मंद डोळ्यांनी सुईकडे बघते आणि रोज, दोन्ही वेळा, विचारते.

“हें कितें गो?”

“इन्सुलीन, बाय. बारा युनिट.”

“आनी कांय ना मगो?”

“आणखी काही नाही.”

मग ती बाही वर करते.